बिस्किट, मी आणि लेव्हल थ्री

घोड्यावर बसायची मला कधीही हौस नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. लग्नात वरातीच्या घोड्यावर बसवलं, तेव्हासुद्धा मी "टॅक्सी चालेल ना?" असं विचारून पाहिलं होतं. तरीही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका ऑगस्टमध्ये मी हॉस्पिटलातून आठवड्याची रजा काढली, नवी कोरी जीन्स घेतली आणि कॉव्हेंट्रीहून वेल्सच्या डोंगरात काउबॉय व्हायला निघालो. अमेरिकेतली घोडेस्वारी शिकायला वेल्सला का, असा प्रश्न पडला असेल, तर तो मलाही पडला होता. पण तो विचारायला उशीर झाला होता.

कारण होती आमची एकुलती एक लेक, केतकी, वय वर्षं चौदा. त्या उन्हाळ्यात तिच्या मैत्रिणीच्या, रेचलच्या, वाढदिवसाला सगळ्या मुली रात्री तिच्याकडेच राहणार होत्या. आम्ही नेहमीप्रमाणे 'नाही' म्हटलं. रात्री झोपायला आपल्याच घरी, हा नियम आमच्या ओळखीतल्या प्रत्येक मराठी घरात होता. तो कुणी केला, का केला, कुणालाच माहीत नव्हतं, पण पाळत सगळे होते. केतकी रडली नाही, भांडलीही नाही. दोन दिवसांनी तिनं एक रंगीत माहितीपत्रक माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

"बाबा, हे बघ. वेस्टर्न रायडिंग. फोर डेज शिकायचं, मग टू डेज डोंगरावर. तिथं आपण सगळे असणार, सो नो प्रॉब्लेम."

पत्रकात तीन लेव्हल दिल्या होत्या. लेव्हल वनमध्ये घोड्याला खरारा करायचा, खोगीर चढवायचं, चालवायचं आणि थांबवायचं. लेव्हल टूमध्ये हळू दुडकी, गोल फेऱ्या आणि मागे सरणं. लेव्हल थ्रीमध्ये संथ दौड आणि घोड्यावर बसूनच फाटक उघडून बंद करणं. तिन्ही पास झालं तरच शेवटच्या दोन दिवसांच्या डोंगरफेरीला नेणार. रात्रीचा मुक्काम वरच्या एका दगडी बराकीत. सोळाच्या आतल्या मुलांबरोबर लेव्हल थ्री पास झालेलं एक मोठं माणूस हवं. ते घरचं तरी हवं, किंवा घरच्यांनी नेमून दिलेलं.

माझी बायको सुनंदा फार्मासिस्ट. तिला रजा नव्हती. ती म्हणाली, "अहो, परक्या माणसाबरोबर रात्रीची डोंगरावर पाठवायची नाही हं. तुम्ही असलात तरच."

"मी असणारच," मी म्हणालो. "इतक्या परीक्षा दिल्या आयुष्यात. एका घोड्याचं काय एवढं?"

मंडळाच्या गणपती मीटिंगमध्ये हे कळल्यावर एका मित्रानं माझ्या पाठीत थाप मारली. "अरे, घोडा आपल्या रक्तातच आहे!" त्याच्या रक्तात असेल. माझ्या रक्तात सात पिढ्या हिशेबनीस आणि मास्तर आहेत.

रविवारी निघालो. रस्ता सोपा आहे: एम सिक्स, मग एम फिफ्टीफोर, श्रूजबरीला पेट्रोल भरून घ्यायचं आणि पुढे वेल्शपूलच्या दिशेनं जायचं. पेट्रोल नक्की भरा, कारण पुढे पंप कमी आणि मेंढ्या जास्त. श्रूजबरीपर्यंत आम्ही वेळेच्या पुढे होतो. मग एक ट्रॅक्टर आमच्यापुढे आला आणि वेल्शपूल ओलांडलं तरी हटला नाही. मी हॉर्न वाजवल्यावर त्या शेतकऱ्यानं मला हात हलवून नमस्कार केला. केतकीला हे फार आवडलं. मला आवडलं नाही.

फार्म अगदी दरीच्या टोकाला होतं. राहायची सोय शेजारच्याच बी अँड बीमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये, मिसेस प्रिचर्डकडे. बाई प्रेमळ, खोल्या स्वच्छ, पण मी मांसाहार करत नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्यासाठी एकच पदार्थ ठरवून टाकला: भाजलेला बटाटा, त्यात चीज आणि वर बीन्स. सोमवारी तोच, मंगळवारी तोच. तुम्ही जाणार असाल तर दशम्या आणि लसणीची चटणी बरोबर न्या. सुनंदानं दिली होती म्हणून मी माणसात राहिलो. आम्हा दोघांचा आठवड्याचा खर्च समुद्रकाठच्या एखाद्या बऱ्या हॉटेलातल्या आठवड्याएवढा झाला. फरक इतकाच, की हॉटेलात पाठ दुखत नाही.

सोमवारी सकाळी आमची शिक्षिका भेटली. मॉरीन. डोक्याला मोठी काउबॉय हॅट, पायात टोकदार बूट, कमरेला ताटलीएवढं बक्कल आणि तोंड उघडलं की चक्क आमच्या कॉव्हेंट्रीशेजारच्या वुल्व्हरहॅम्प्टनची बोली. केतकीला हॅट हवी होती. मॉरीननं तिच्या हातात हेल्मेट दिलं आणि म्हणाली, "हॅट मेल्यावर चांगली दिसते." ती बाई मला तिथेच आवडायला हवी होती, पण लगेच तिनं माझा घोडा आणला.

त्याचं नाव बिस्किट. रंग बिस्किटाचा, पोट पिंपाचं, आणि चेहऱ्यावर सरकारी कचेरीतल्या खिडकीपलीकडच्या माणसाचा भाव. मी पेशानं भूल देणारा डॉक्टर. माझे पेशंट हलत नाहीत, बोलत नाहीत आणि माझं ऐकतात. बिस्किट यातलं एकही करायला तयार नव्हता. खोगीर चढवताना त्यानं पोट फुगवून धरलं. मी पट्टा आवळला, रिकिबीत पाय टाकला, त्यानं पोट सोडलं आणि खोगीर मला घेऊन बाजूला फिरलं.

"पट्टा दोनदा तपासायचा," मॉरीन म्हणाली.

"पुस्तकात एकदाच लिहिलंय," मी जमिनीवरून म्हणालो.

कारण पुस्तक मी वाचलं होतं. ते जायच्या आधी पोस्टानं आलं होतं आणि मी ते रात्रीच्या ड्यूट्यांमध्ये चक्क पाठ केलं होतं. खोगिराचे भाग, घोड्याचे भाग, चालींचे प्रकार, सगळं. लेव्हल वनचे तोंडी प्रश्न झाले तेव्हा मी एकही चुकलो नाही. मॉरीननं विचारलं नव्हतं तेही सांगितलं. केतकी मान खाली घालून उभी होती. तिला स्वतःला घोड्याच्या पायाच्या सांध्यांची नावं येत नव्हती. पण ती तिच्या घोडीवर, विलोवर, बसली तेव्हा विलोनं एक उसासा सोडला आणि चालायला लागली. दोघींमध्ये काय बोलणं झालं ते मला दिसलं नाही.

लेव्हल वन मी मिळवली. मी घरी फोन करून सुनंदाला कळवलं. ती म्हणाली, "छान. आणि केतकी?" केतकीची तर सकाळीच झाली होती.

आमच्या बरोबर कोर्सला ग्लेनिस नावाच्या एक बाई होत्या. स्वान्सीच्या एका प्राथमिक शाळेच्या हेडमिस्ट्रेस, पन्नाशीच्या, रुंद बांध्याच्या, तीन उन्हाळे इथे येऊन लेव्हल थ्री झालेल्या. जेवताना त्यांनी माझी लसणीची चटणी चमच्यानं खाल्ली आणि डोळ्यात पाणी आलं तरी पुन्हा घेतली. मग अगदी सहज म्हणाल्या, "तुमचं नाही जमलं तर मुलगी माझ्याबरोबर येऊ दे. मला सोबत होईल."

"थँक यू, पण माझं जमेल," मी हसून म्हणालो. केतकीनं बटाट्यात काटा खुपसला.

मंगळवार आणि बुधवार लेव्हल टू. इथे खरा वैताग सुरू झाला. इंग्लिश पद्धतीत दोन्ही हातांनी लगाम ताणून धरतात म्हणे. वेस्टर्न पद्धतीत लगाम एका हातात आणि सैल. डावीकडे वळायचं तर लगाम नुसता मानेला टेकवायचा. थांबायचं तर बूड खोगिरात टेकायचं आणि 'व्हो' म्हणायचं. तो थांबला की त्याच क्षणी सोडून द्यायचं. आणि हे 'सोडून देणं' मला जमेना. बिस्किट थांबायचा, तरी मी ओढत राहायचो. तो वळायचा, तरी मी वळवत राहायचो.

"डॉक, त्याला एकदा विचारलंत. तो हो म्हणाला. आता पुन्हा कशाला विचारताय?" मॉरीन ओरडली.

तिला काय सांगणार? आमच्यात पाहुणा 'हो' म्हणाला म्हणून कुणी थांबतं का? 'हो' म्हणाला की आणखी दोन जिलब्या. 'पुरे' म्हणाला की आणखी एक. हाताची आडवी झडप घालून पानावर पालथा पडला, म्हणजे कुठे आग्रह पुरा झाला. माझ्या हातांना तीच सवय. बिस्किट बिचारा एकदा मागे सरायला लागला तो मी लगाम सोडेना म्हणून सरतच गेला, थेट शेणाच्या ढिगात. मी उडालो नाही, एवढंच. केतकी इतकी हसली की विलोच्या मानेवर आडवी झाली.

"बाबा, तू फक्त काहीच नको करू! इट्स सो इझी!"

काहीच न करणं सोपं असतं हे मला मान्य नाही. मी आयुष्यात ते केलेलं नाही. बुधवारी संध्याकाळी दुडकीत माझ्या मणक्यांची मोजदाद होऊन, तीन वेळा फेरी चुकून, लेव्हल टू एकदाची पदरात पडली. मॉरीन म्हणाली, "पास. जेमतेम." मी विचारलं, कुठे कमी पडलो? ती म्हणाली, "यादी करू का?"

एक प्रामाणिक सल्ला. नवी जीन्स घालून जाऊ नका. शिवणी आतून जाड असतात, आणि त्या कुठे लागतात ते मी इथे लिहिणार नाही. जुनी, मऊ झालेली विजार न्या. आणि जागा ठरवताना डोंगर किती सुंदर ते विचारू नका, घोडा कोणता देणार ते विचारा.

गुरुवार उजाडला तो पाऊस घेऊन. वेल्सचा पाऊस पडत नाही, तो नुसता हवेत उभा राहतो. केतकीनं सकाळीच लेव्हल थ्री पुरी केली. दौडीत ती खोगिराला अशी चिकटून बसली की मला अभिमान वाटला. आता सगळं माझ्यावर होतं. मी नापास झालो तर तिची डोंगरफेरी गेली, कारण ग्लेनिसबाईंबरोबर मी पाठवणार नव्हतो. मी पास झालो तर उद्या सकाळी निघायचं. केतकी कुंपणावर बसून होती. हेल्मेट काढलेलं नव्हतं.

दौड कशीबशी झाली. दौड म्हणजे बिस्किट धावला आणि मी त्याच्याबरोबर राहिलो. उरलं फाटक. घोडा फाटकाला समांतर उभा करायचा, एका हातानं कडी काढायची, फाटक हातात धरूनच पलीकडे जायचं, वळायचं आणि कडी लावायची. पहिल्यांदा बिस्किट फाटकापासून हातभर लांब थांबला. दुसऱ्यांदा माझा गुडघा फाटक आणि घोडा यांच्यामध्ये चेपला. तिसऱ्यांदा सगळं जमलं. कडी निघाली, फाटक उघडलं, आणि पलीकडे बिस्किटला हिरवं गवत दिसलं. तो निघाला. फाटक सोडायचं नाही हा नियम मला पाठ होता. मी सोडलं नाही. घोडा गवतात, आणि मी फाटकाला लटकलेला.

कुणीच हसलं नाही. ते जास्त वाईट होतं.

मॉरीन जवळ आली. ती पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. "डॉक, मी तुम्हाला पास करू शकत नाही. वरती उतार आहेत. पण एक करता येईल. मी तुम्हाला दोरीला बांधून माझ्या घोड्यामागून नेते. सगळा रस्ता चालीनंच. मुलगी मग तुमच्याबरोबर मागे राहील. दौड नाही, वरचा ओढा नाही, खालच्या वाटेनं. पण जाता येईल."

माझा जीव भांड्यात पडला. दोरी तर दोरी. सुनंदाला फोनवर काय सांगायचं ते मी मनात जुळवायलाही लागलो. मी केतकीकडे वळलो.

"चालेल ना?"

"हो बाबा, चालेल," ती म्हणाली. "वॉकिंग पण नाइस आहे. आपण गप्पा मारू."

आणि हसली. ते हसू मी ओळखत होतो. आमच्याकडे पाहुणे येतात, काका-मावश्या तिच्या शाळेबद्दल तेच तेच विचारतात, तेव्हा ती असंच हसते. मला आजवर ते हसू कधी मिळालं नव्हतं. ती भांडली असती तर मी निभावून नेलं असतं. रडली असती तर समजूत काढली असती. पण माझी चौदा वर्षांची मुलगी माझ्याशी पाहुण्यासारखी वागत होती, आणि मला इतका राग आला, की तो नक्की कुणावर काढावा तेच कळेना. पावसावर, बिस्किटावर, त्या फाटकावर, की रात्री घरीच झोपायचं हे ठरवणाऱ्या त्या कोण जाणे कुणावर.

"नको," मी म्हणालो. "दोरी नको."

"बाबा, आय डोन्ट माइंड..."

"मला माहीत आहे." मग मी ग्लेनिसबाईंना हाक मारली. त्या तबेल्याच्या दारात उभ्या होत्या. मी इंग्रजीत म्हणालो, "उद्या केतकीला तुमच्याबरोबर न्याल का? तिची जबाबदारी तुमच्यावर."

त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "वरच्या वाटेनं?"

"वरच्याच," मी म्हणालो.

शुक्रवारी सकाळी सगळे निघाले. मी विलोचा पट्टा दोनदा तपासला, केतकीच्या हेल्मेटची कडी तीनदा. ती म्हणाली, "बाबा, इनफ." मग ते फाटकातून बाहेर पडले. फाटक तिनं उघडलं आणि तिनंच लावलं, घोड्यावर बसूनच. एकदाही मागे पाहिलं नाही. तेव्हा कुणाच्या खिशात फोन नसायचे. डोंगराचं वळण आलं की माणूस गेलंच.

ते दोन दिवस मी काय केलं ते वाचकांच्या उपयोगाचं नाही, पण सांगतो. तबेला झाडला. मिसेस प्रिचर्डचा बटाटा खाल्ला. गावात जाऊन पोस्टकार्ड घेतलं आणि लिहिलं नाही. सुनंदाला फोन करायचं टाळलं. मग तिनंच केला, तेव्हा खरं सांगितलं, आणि टेलिफोनच्या खोलीत मिसेस प्रिचर्डना मराठी कळत नाही याबद्दल देवाचे आभार मानले. बिस्किटला गाजर नेऊन दिलं. त्यानं ते खाल्लं आणि माझ्याकडे पाठ फिरवली.

शनिवारी दुपारी ते परतले. केतकी चिखलानं माखली होती, डाव्या तळहाताला पट्टी होती, आणि ती अचानक उंच वाटत होती.

"हाताला काय झालं?"

"नथिंग. ब्रांच लागलं."

"रात्री थंडी वाजली का? जेवलीस काय? झोप लागली?"

"हो. बीन्स. हो."

एवढंच. परतीच्या वाटेवर ट्रॅक्टर नव्हता, बोलणंही नव्हतं. ती श्रूजबरीच्या आधीच झोपून गेली. एवढा आठवडा घालवून, पाठ मोडून, बायकोच्या शिव्या खाऊन मला मिळालं काय, तर बीन्स. मी एम सिक्सवर स्वतःशीच चरफडत गाडी चालवली.

घरी पोचलो. मी सामान वर नेऊन ठेवलं आणि खाली येताना जिन्यावरच थांबलो. स्वयंपाकघरात सुनंदा पोळ्या लाटत होती, केतकी ओट्यावर चढून बसली होती, आणि जे मला मिळालं नव्हतं ते सगळं तिथे चाललं होतं. दगडी बराक, तिची चूल, ग्लेनिसबाईंचं घोरणं. मग ओढा. ओढ्याच्या मध्यावर विलो थांबली आणि हलेना. पाणी घोड्याच्या पोटापर्यंत. ग्लेनिसबाई पलीकडच्या काठावर पोचलेल्या. त्या परत आल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, 'घोडी तुझी आहे, तुझं तू बघ.'

सुनंदाचं लाटणं थांबलं. "मग? घाबरली असशील ना गं. तू काय केलंस?"

"खूप घाबरली. मग मी लगाम सोडला. आणि वेट केली. लाँग टाइम. मग विलो स्वतः गेली."

"तरी मी सांगत होते, बाबा बरोबर हवे होते."

"नाही आई," केतकी म्हणाली. तिच्या आवाजात राग अजिबात नव्हता. "बरं झालं, बाबा नव्हता. तो असता तर मी पूर्ण वेळ त्याच्याकडे बघितली असती. तो घाबरला का, ते."

मी जिन्यावर उभा होतो. मला वाईट वाटलं, हे सरळच सांगतो. चांगलंच वाईट वाटलं. मी तिच्यावर लक्ष ठेवतो, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. ती माझ्यावर किती लक्ष ठेवून असते, हे मला ठाऊकच नव्हतं. आणि त्या ओढ्याच्या मध्यावर, आयुष्यात पहिल्यांदा, तिला तेवढ्यापुरती सुट्टी मिळाली होती.

केतकी आता ग्लासगोला असते, घोड्यावर बसून किती वर्षं झाली तिलाच आठवत नाही. माझी मजल लेव्हल टूवरच राहिली. तुमच्या घरातून कुणी असा हट्ट धरला तर जरूर जा. वेल्सचे डोंगर सुंदर आहेत म्हणतात. वरच्या वाटेनं मी गेलेलो नाही, त्यामुळे तिथून काय दिसतं ते मला विचारू नका.